पोटातलं पाणी

मालवणच्या किनाऱ्यावर बुडता माणूस बाहेर काढून वाळूवर ठेवला, की भोवतालच्या गर्दीतून एक सूचना हमखास येते : ‘पोटातला पाणी भायर काढा!’ मग कोणी त्याला पालथा घालतो, कोणी कमरेखाली हात घालून उचलतो, कोणी पोटावर दोन्ही तळवे टेकून जोर देतो. तोंडातून चूळभर पाणी आलं तर बघणाऱ्यांना हायसं वाटतं. घाटावर विहिरीतून काढलेल्या माणसाला उलट्या घागरीवर पालथं घालून पुढेमागे लोळवायची रीत होती. कुंभाराचं चाक जवळ असेल तर त्यावर आडवं टाकून फिरवायचीही. साधनं वेगळी, समजूत तीच. माणूस पाण्याने भरला म्हणून गेला, रिकामा केला की परत येईल.

ही समजूत अडाण्यांची म्हणून झटकून टाकता येत नाही. तिच्या पाठीशी सुश्रुत उभा आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला २७ वा अध्याय शरीरात शिरलेलं शल्य बाहेर कसं काढावं, याबद्दलचा आहे. हाडामांसात रुतलेलं टोक, घशात अडकलेला घास, असे प्रकार त्यात येतात. घास अडकला असेल तर त्या माणसाला सुगावा लागू न देता खांद्यावर मूठ हाणावी, असा सल्ला तिथे आहे. बुडालेला माणूसही याच अध्यायात भेटतो, कारण त्याच्या पोटातलं पाणी हेदेखील शल्यच. त्याला डोकं खाली करून दाबावं, गदागदा हलवावं, वांती करवावी, किंवा तोंडापर्यंत राखेच्या ढिगात पुरावं, असे उपाय सांगितले आहेत. शस्त्रवैद्याच्या नजरेला हे अगदी सुसंगत आहे. जे आत असायला नको ते आत गेलं आहे, तेव्हा ते काढा. श्वासाचं नाव मात्र या उपायांत नाही. निपचित जन्मलेल्या बाळासाठी चरकसंहितेत कानांपाशी दगडावर दगड वाजवणं, तोंडावर पाणी शिंपडणं, सुपाने वारा घालणं हे सगळं येतं. तिथे प्राण जागा करण्याची धडपड दिसते. बुडालेल्या प्रौढाच्या वाट्याला ती आली नाही.

त्यातली राखेची गोष्ट पुढे भलत्याच ठिकाणी डोकं वर काढते. लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६१ साली सामान्य लोकांसाठी आरोग्याचं एक पुस्तक लिहिलं. ते युरोपभर इतकं खपलं की त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. त्यात बर्गंडी प्रांतातल्या क्लुनी गावची एक हकिकत आहे. पाण्यातून काढलेली एक तरुण मुलगी थंडगार, निश्चल पडली होती. तिथल्या डॉक्टरने तिला राखेच्या अंथरुणावर निजवलं, वरून राखेचंच पांघरूण घातलं, आणि काही वेळाने तिची नाडी हाताला लागली. सुश्रुताचं नावही त्या डॉक्टरने ऐकलं नसणार. राख ऊब धरून ठेवते आणि बुडालेल्याचं अंग गार पडलेलं असतं, एवढं निरीक्षण दोन्हीकडे पुरलं. ती मुलगी राखेमुळे वाचली की तिचा श्वास मुळात पूर्ण थांबलेलाच नव्हता, हा प्रश्न विचारायची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. या विषयाच्या इतिहासात वाचलेल्या माणसाने नेहमीच शेवटच्या उपायाला श्रेय मिळवून दिलं आहे.

उपायाच्याही आधी एक अडचण होती : वाळूवर पडलेल्याला हात कोणी लावायचा?

कोकणातल्या लोकसमजुतींचा एक इंग्रजी संग्रह १९१५ साली निघाला. त्याची टिपणं जमवली होती ती नाशिकला १९०९ मध्ये अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडलेला कलेक्टर जॅक्सन याने, आणि संपादन केलं एन्थोवेनने. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांतून त्यात गिऱ्हा येतो, आसरा येतात. गिऱ्हा हे बुडून मेलेल्याचं, पाण्यात राहणारं भूत. वाटसरूला खोल पाण्याकडे नेण्यात त्याला मजा वाटते. आसरा म्हणजे विहिरी, तळी, ओढे यांतल्या जलदेवता, माणसाला ओढून नेणाऱ्या. बुडणं हा अपघात नसून कोणीतरी केलेली मागणी आहे, असं एकदा मानलं की मधे पडणाऱ्याला धास्ती वाटणं साहजिक आहे. असा विचार करणारे फक्त कोकणीच नव्हते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरही बुडत्याला वाचवलं तर तोच पुढे आपलं नुकसान करतो, असं मानत. वॉल्टर स्कॉटने १८२२ च्या एका कादंबरीत ती समजूत वापरली आहे.

हॉलंडमध्ये भुताची जागा सरकारी अंमलदाराने घेतली होती. पाण्यातून काढलेलं शरीर अधिकारी येऊन बघेपर्यंत हलवायचं नाही, अशी लोकांची पक्की धारणा होती. काही ठिकाणी तर पाय पाण्यातच राहू देत. घरात नेलं तर चौकशीचा ससेमिरा, शिवाय अपशकुन. आपल्याकडच्या पोलिसी ‘आकस्मिक मृत्यू’ची नोंद, पंचनामा, जबाब यांतून गेलेल्या कोणालाही त्या डच शेजाऱ्यांचं मन वाचायला दुभाष्या लागणार नाही.

या डचांचं सिंधुदुर्गाशी जुनं नातं आहे. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्याला ठाणं मांडलं. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ही जागा सोयीची होती. त्यांच्या वखारीच्या भिंती पडझड होऊनही वेंगुर्ल्यात अजून ओळखू येतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच इथून गेले. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी हल्ला करून तो करवीरकरांकडून घेतला, त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं आणि पुढच्याच वर्षी परत केला. या धामधुमीनंतर वर्षभरात, १७६७ साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुखवस्तू नागरिकांनी एकत्र येऊन बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. जगातली ही अशी पहिली संस्था. ती आजही आहे.

अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे कालव्यांचं शहर, त्यातून रात्री अंधार, धुकं, दारूचे गुत्ते. माणसं कालव्यात पडत आणि चार हातांवरून बाहेर काढता आली असती तरी मरत. संस्थेने ओळखलं की औषधाआधी लोकांचं वागणं बदलायला हवं. तिने जाहीर केलं : बुडालेल्याला जो शुद्धीवर आणील त्याला ६ डुकाट किंवा सोन्याचं पदक. ज्या खानावळवाल्याच्या दारात माणूस नेला जाईल त्याचा खर्च भरून देऊ. पत्रकं छापून उपाय वाटले. त्यात अंग गरम ठेवणं, चोळणं, शीर तोडून रक्त काढणं, तोंडातून हवा फुंकणं हे सगळं होतं. पिंपावर पालथं घालून लोळवू नका, पाय वर करून टांगू नका, हेही होतं. पहिल्या ४ वर्षांत १५० माणसं वाचवल्याचा संस्थेचा दावा होता. त्यांतले किती खरोखर मरणाच्या दारात होते, हे बाजूला ठेवू. लोक हात लावू लागले, हा फरक खराच होता.

बातमी पसरली आणि मिलान, व्हेनिस, हॅम्बर्ग, पॅरिस या पाण्याकाठच्या शहरांनी तिचं अनुकरण केलं. लंडनमध्ये डच संस्थेचे अहवाल टॉमस कोगन या डॉक्टरने इंग्रजीत आणले. विल्यम हॉझ नावाचा औषधवाला तर आधीपासून स्वतःच्या खिशातून बक्षिसं वाटत होता. लेखक गोल्डस्मिथच्या शेवटच्या दुखण्यात त्याच्याकडे जाणारा हाच हॉझ. १८ एप्रिल १७७४ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या एका कॉफीघरात दोघांनी आपापले मित्र जमवले आणि जी संस्था उभी राहिली ती पुढे ‘रॉयल ह्यूमेन सोसायटी’ झाली. दर ठरले : प्रयत्न केल्याबद्दल २ गिनी, माणूस वाचला तर ४, आणि आपल्या घरात किंवा गुत्त्यात जागा देणाऱ्याला १. लंडनचे लोक मालवणी माणसाइतकेच चतुर निघाले. एकाने बुडाल्याचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने काढायचं आणि गिनी वाटून घ्यायच्या, असा धंदा सुरू झाला. हळूहळू रोख रकमेची जागा पदकांनी घेतली ती यामुळे.

आता तंबाखूकडे वळायला हवं, कारण या इतिहासातलं सर्वांत विचित्र प्रकरण तेच आहे. अठराव्या शतकातल्या डॉक्टरांचं ठाम मत होतं की बुडालेल्याच्या शरीरात दोन गोष्टी हव्यात, ऊब आणि उत्तेजना. तंबाखूचा धूर दोन्ही देतो. तो आत घालायचा कुठून? नाकातोंडातून नाही, गुदद्वारातून. त्यासाठी भाता, नळी, धुराची डबी असा संच तयार झाला. थेम्स नदीच्या काठी असे संच ठेवलेले असत. संच नसेल तर साधी चिलीम आणि फुंकणाऱ्याचा दम एवढ्यावर भागवत, आणि फुंकणाऱ्याने चुकून श्वास आत ओढला तर काय व्हायचं ते सांगायला नको. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेली तंबाखू कोकणात पानाच्या चंचीत आणि विडीत स्थिरावली. तिचा हा उपयोग इथे कोणाला सुचला नाही, याबद्दल पूर्वजांचे आभारच मानायला हवेत. १८११ साली बेंजामिन ब्रॉडी या इंग्रज शस्त्रवैद्याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की तंबाखूतलं विष हृदयच थांबवतं. म्हणजे ज्याचं हृदय अजून मंद चालत होतं, अशा कितीएकांना हा उपाय उलटला असणार. त्यानंतर धुराच्या नळ्या हळूहळू कपाटात गेल्या.

गंमत अशी की योग्य उपाय तेव्हाही माहीत होता. स्कॉटलंडमधल्या अलोआ गावी ३ डिसेंबर १७३२ रोजी धूर कोंडलेल्या कोळशाच्या खाणीतून एक कामगार वर काढला गेला. नाडी नाही, श्वास नाही. विल्यम टॉसॅक या शस्त्रवैद्याने त्याच्या तोंडाला तोंड लावून जोरात फुंकलं. हवा नाकातून निसटली, म्हणून नाकपुड्या चिमटीत धरून पुन्हा फुंकलं. छाती वर आली आणि हृदयाचे ठोके हाताला लागले. तो माणूस चालत घरी गेला. टॉसॅकने हे १७४४ मध्ये छापलं आणि पुढच्या वर्षी जॉन फॉदरगिलने रॉयल सोसायटीपुढे त्याची बाजू मांडली. भाता नसला तरी चालेल, माणसाचं तोंड प्रत्येकाजवळ असतं, तेही उबदार, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७४० सालीच बुडालेल्यांसाठी तोंडाने हवा देण्याची शिफारस केली होती.

तरी हा उपाय मागे पडला आणि जवळजवळ दोनशे वर्षं मागेच राहिला. एक कारण सामाजिक होतं. निपचित बाळाच्या तोंडात फुंकणं ही सुइणींची जुनी रीत, म्हणून शिकलेले डॉक्टर नाक मुरडत. परक्याच्या ओल्या, फेसाळ तोंडाला तोंड लावण्याची किळस तर होतीच. जिथे उष्ट्याचा विटाळ पाण्याच्या तांब्यापर्यंत पाळला जाई, त्या कोकणात तर याचा विचारही कठीण होता. दुसरं कारण वैज्ञानिक होतं, आणि तेच जास्त घातक ठरलं. लंडनची संस्था निघाली त्याच वर्षी प्रिस्टलीने प्राणवायू वेगळा केला. मग लाव्हाझिएने दाखवलं की श्वासाबरोबर तो खर्च होतो. विद्वानांनी निष्कर्ष काढला की बाहेर सोडलेली हवा म्हणजे वापरून झालेला कचरा. ती दुसऱ्याच्या छातीत भरून काय उपयोग? तोंड गेलं आणि भाता आला. जॉन हंटरसारख्या मोठ्या शस्त्रवैद्याने १७७६ मध्ये दोन कप्प्यांचा भाता सुचवला. पुढे लरॉय या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की भात्याने जादा हवा कोंबली तर प्राणी मरतात. १८३० च्या दशकात भाताही गेला. हाताशी उरलं चोळणं, ऊब देणं आणि वाट बघणं.

ऊब देण्यावर लंडनने मोठा खर्च केला होता. हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्याकाठी १७९४ साली खास घर बांधलं गेलं. हिवाळ्यात तिथल्या पातळ बर्फावर चालताना माणसं खाली जात, त्यांच्यासाठी गरम पाण्याची न्हाणी, तापवलेली अंथरुणं, डॉक्टर अशी सगळी तयारी होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, लेखिका मेरी वॉलस्टनक्राफ्टने पटनीच्या पुलावरून थेम्समध्ये उडी घेतली. तिला बेशुद्ध अवस्थेत काढून शुद्धीवर आणलं गेलं. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. मृत शरीरात प्राण आणणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट लिहिणारी मेरी शेली ती हीच.

या सगळ्या थाटाला पहिला धक्का दिला मार्शल हॉल या म्हाताऱ्या शरीरशास्त्रज्ञाने, १८५६ साली. त्याचे आक्षेप आज वाचताना शहारा येतो, कारण ते इतके साधे आहेत. माणसाला उचलून गरम पाण्याच्या घरात नेण्यात जी मिनिटं जातात त्यांतच तो मरतो. जिथे काढला तिथेच, त्या क्षणी, उघड्या हवेत काम सुरू करा. आणि उताणा ठेवलात तर जीभ मागे पडून घसा बंद होतो, मग तुम्ही काहीही करा, हवा आत जाणारच नाही. त्याची स्वतःची रीत माणसाला पालथं करून पुन्हा कुशीवर वळवण्याची होती, मिनिटाला पंधराएक वेळा. तिच्याने फारशी हवा आत जात नसे. पण जिभेची अडचण त्याने अचूक ओळखली. मग आणखी पद्धती येत गेल्या. १८५८ मध्ये सिल्व्हेस्टरने माणसाला उताणं निजवून हात डोक्यामागे ओढायची आणि छातीवर दाबायची पद्धत आणली. १९०३ मध्ये एडवर्ड शेफरने पालथं निजवून बरगड्यांच्या खालच्या भागावर तालात दाब देण्याची. १९३२ मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नीलसनने पाठीवर दाब आणि कोपरं उचलणं यांची सांगड घातली. शेफरची पद्धत ब्रिटिश साम्राज्यभर प्रथमोपचाराच्या वर्गांत शिकवली जाई. पाठीवर बसून दाबणारा माणूस आणि वाळूकडे तोंड केलेला बुडालेला, असं चित्र त्या पुस्तकांत असे. बघणाऱ्याला ती पोटातलं पाणी काढण्याचीच शास्त्रशुद्ध आवृत्ती वाटावी. जुनी समजूत मोडण्याऐवजी तिला सरकारी शिक्का मिळाला.

याच काळात कोकणी माणूस सर्वाधिक समुद्रावर होता. मुंबईच्या गिरण्यांत आणि घरकामाला गेलेला मालवणी गडी बोटीने ये-जा करी. बोट मालवणच्या खडकाळ बंदरात आत येत नसे. ती बाहेर नांगर टाकी आणि उतारूंना पडावांतून हेलकावे खात तिच्यापर्यंत नेलं जाई. सामान, पोरं, कोंबड्या, फणस, सगळं त्या पडावात. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपला माल समुद्रात ओतून होड्यांत माणसं घेतली, म्हणून काही तरी वाचली. अ‍ॅमस्टरडॅमच्या ६ डुकाटांसारखं बक्षीस त्यांच्यासमोर कोणी ठेवलं नव्हतं. कोकणच्या किनाऱ्यावर वाचवणारा हात कायम मच्छीमाराचाच राहिला आहे. त्या हाताला पुढे काय करायचं ते शिकवणारी संस्था मात्र इथे उभी राहिली नाही. लंडनने घरं बांधली आणि डॉक्टर नेमले, पण पोहणारे त्यांना विकत घ्यावे लागले. इथे पोहणारे फुकट होते आणि बाकी काहीच नव्हतं. या इतिहासात सलणारी गोष्ट ती हीच.

तोंड परत आलं ते पोलिओच्या साथीमुळे. १९४६ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या रुग्णालयात जेम्स एलम या डॉक्टरसमोरून निळं पडलेलं एक मूल ढकलत नेलं जात होतं. त्याने विचार न करता त्याच्या नाकात फुंकलं आणि मूल गुलाबी झालं. पुढे त्याने मोजून दाखवलं की आपण बाहेर टाकतो त्या हवेत सुमारे १६ टक्के प्राणवायू उरलेला असतो. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के. म्हणजे तो ‘कचरा’ दुसऱ्याला जगवायला पुरेसा आहे. पीटर साफर या भूलतज्ज्ञाने बाल्टिमोरमध्ये स्वयंसेवकांना औषधाने निश्चेष्ट करून सिल्व्हेस्टर आणि नीलसन यांच्या पद्धती त्यांच्यावर तपासल्या. घसा बंद, हवा जवळजवळ शून्य. मग मान मागे करून हनुवटी उचलली आणि अननुभवी माणसांना तोंडाने फुंकायला लावलं. छात्या वर आल्या. १९५८ पर्यंत प्रश्न निकालात निघाला. १९६० मध्ये छाती दाबून हृदय चालवण्याची रीत तिला येऊन मिळाली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या लॅर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने सरावासाठी बाहुली केली. त्याचा लहान मुलगा कधीतरी बुडता बुडता वाचला होता.

आणि पाण्याचं काय? फुप्फुसांत शिरणारं पाणी बहुतेक वेळा थोडंच असतं, आणि त्यातलं बरंचसं शरीर शोषून घेतं, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झालं. पोटातलं पाणी तर मरणाला कारणीभूतच नसतं. पोट दाबलं की ते वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. तरी अमेरिकेत हेन्री हाइमलिक या नामवंत डॉक्टरने बुडालेल्यांचंही पोट दाबावं असा आग्रह वर्षानुवर्षं धरला. तिथल्या वैद्यक संस्थेने १९९४ मध्ये तो फेटाळून लावला. सुश्रुताचं शल्य दोन हजार वर्षांनी अमेरिकन सूटबूट घालून परत आलं होतं, एवढंच. राखही परत आली आहे, मिठाच्या रूपात. मीठ पाणी शोषतं, तेव्हा बुडालेल्याला मिठाच्या ढिगात काही तास पुरलं की तो उठतो, असा संदेश मोबाईलवर फिरतो, आणि मुलांचे मृतदेह असे पुरून ठेवल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहतात. बुडालेल्याचं अंग मिठाने चोळू नका, हा इशारा लंडनच्या संस्थेच्या सूचनांत एकोणिसाव्या शतकात छापून येत असे.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडून मेले. काहींना स्थानिकांनी बाहेर काढलं. त्या घटनेनंतर किनाऱ्यावरचे जीवरक्षक, धोक्याचे फलक यांची चर्चा जोरात झाली. तेरेखोलच्या पलीकडे गोव्याने २००८ पासूनच किनाऱ्यांची राखण एका खासगी कंपनीकडे सोपवली आहे. तिचे लाल-पिवळ्या कपड्यांतले रक्षक पर्यटकांच्या ओळखीचे झाले आहेत. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. चिवला किनाऱ्यावर दर वर्षी सागरी जलतरण स्पर्धेसाठी राज्यभरातले पोहणारे येतात. पाण्यात उतरायला शिकवणारं बरंच काही आता जिल्ह्यात आहे. पण देवबागच्या टोकाला बुडालेल्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायला जो वेळ लागतो, त्यापुढे मेंदूची ४-५ मिनिटं फार तोकडी आहेत. मार्शल हॉलचा जुना आक्षेप इथे जसाच्या तसा लागू पडतो.

इथे आणखी एक गोंधळ नव्याने झाला आहे. कोणाचं हृदय अचानक बंद पडलं तर नुसती छाती दाबत राहा, असं आता शाळा-कचेऱ्यांत शिकवतात, आणि ते बरोबर आहे. बुडालेल्याचं मात्र उलट असतं. त्याचं हृदय थांबतं ते रक्तातला प्राणवायू संपल्यामुळे, म्हणून आधी श्वास. युरोपातल्या नियमावलीनुसार सुरुवातीला ५ श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची. २००२ साली बुडण्याविषयीची जागतिक परिषद अ‍ॅमस्टरडॅमला भरली. १७६७ ची ती संस्थाच यजमान होती. बुडण्याची आज वापरात असलेली व्याख्या तिथेच ठरली, आणि ती आत गेलेल्या पाण्यावर नव्हे, श्वास अडण्यावर बेतलेली आहे.

कायद्याची भीती मात्र अर्धवटच गेली आहे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला चौकशीच्या त्रासापासून मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये संरक्षण दिलं. पाण्यातून माणूस काढणारा त्या कलमात बसत नाही, कारण तिथे मोटार नसते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडणे रोखण्याचा जागतिक दिवस ठरवला आहे. मालवणला ही तारीख अडचणीची वाटेल, कारण तेव्हा दर्या खवळलेला, जलक्रीडा बंद आणि होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. तांडेल, खलाशी आणि रापणीचे गडी जाळी विणत घरी असतात. वर्षभरात किनाऱ्यावर सगळ्यात आधी पोचणारी ही माणसं शिकवायला एकत्र सापडतात ती एवढ्या दोन महिन्यांतच. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला, की त्यांना गाठायचं तर पहाटे धक्क्यावर उभं राहावं लागतं.